लहान टाकीवरचा मोठा कर

डाळ मिल, भाताची गिरणी, संत्र्याचा पल्प, फॅब्रिकेशन, कोल्ड स्टोरेज. नागपुरात लघुउद्योगांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करता करता पंचवीस वर्षं गेली आणि यातलं बहुतेक सगळं हाताखालून गेलं. बिअर गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा धंतोलीतल्या माझ्या ऑफिसात आला. नागपूरच्या एलआयटीतून (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) केमिकल इंजिनिअरिंग केलेला, पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच ताजी बिअर बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्यात, चार वर्षं टाक्या सांभाळलेला. त्याला नागपुरात स्वतःची छोटी ब्रुअरी काढायची होती. पुण्यातच का काढत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "काका, तिथं सगळेच करून राहिले. मला आपल्या इथं करायची आहे, आपल्या संत्र्याची."

मी त्याला आधी माझं सांगितलं. माझा मोठा मामा वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. मामा त्या बंदीतच हातभट्टीची पिऊन पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. मामीने पुढची तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून दोन पोरं वाढवली. त्यामुळे दारूचा धंदा म्हटलं की माझा हात आखडतो. पण त्या मुलाचा रिपोर्ट करायला घेतला आणि तीन महिने त्याच्या आकड्यांत डोकं घातल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली. आपल्या राज्याची मद्यावरची करव्यवस्था माझ्या मामासारख्या माणसाला वाचवत नाही. ती अडवते ती या मुलासारख्यांना, जे कमी दारूचं पेय, कमी प्रमाणात, स्वतःच्या नावाने आणि सगळ्यांसमोर बनवू पाहतात. हे बदलायला हवं, आणि ते बदलणं दारूबंदीच्या हेतूच्या विरुद्ध नाही, हे मला इथे मांडायचं आहे.

यंत्रांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं लक्ष बाटलीवरच्या करावर असतं आणि पहिला फटका त्याच्या खूप आधी बसतो.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा मानवी सेवनाचं मद्य त्यातून बाहेर ठेवलं गेलं. राज्यघटनेच्या कलम 366 मधल्या जीएसटीच्या व्याख्येतच ते वगळलेलं आहे. राज्यांना आपलं हुकमी उत्पन्न सोडायचं नव्हतं, त्यामुळे मद्यावरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट (विक्रीवरचा कर) दोन्ही राज्याकडे राहिलं. हे समजण्यासारखं आहे. पण याचा एक परिणाम लहान माणसाला पुरता गिळतो. तो यंत्रं विकत घेतो जीएसटी भरून आणि माल विकतो जीएसटीबाहेर. मग यंत्रांवर भरलेला जीएसटी वळता करायला जागाच उरत नाही.

समजा, स्टीलच्या टाक्या, बॉयलर, चिलर, पाइपिंग मिळून 1 कोटीची यंत्रसामग्री आहे. त्यावर 18 टक्क्यांनी 18 लाख जीएसटी. याच टाक्या, हाच चिलर कोणी काटोलला संत्र्याच्या रसासाठी घेतला असता, तर हे 18 लाख त्याला पुढच्या विक्रीवरच्या करातून वळते करता आले असते. बिअरवाल्याच्या बाबतीत ते थेट खर्चात जातात. ते कर्जातून उभे केले, 11 टक्के व्याज धरलं आणि सहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी मुद्दल 3 लाख आणि व्याज जवळपास 2 लाख. वर्षाला 60 हजार लिटर बिअर विकली जाईल असा त्या मुलाचा अंदाज होता. म्हणजे एक थेंब विकण्याआधी, राज्याचं शुल्क लागण्याआधी, दर लिटरमागे 8 रुपये निव्वळ यंत्रावरच्या कराचे. जागेच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर तोही असाच बुडतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या बिलावरचाही.

मोठ्या कंपन्यांनाही हा जीएसटी परत मिळत नाही, हे खरं. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधला कारखाना कोट्यवधी लिटर बनवतो, तिथे यंत्राचा खर्च लिटरमागे पैशांत मोजावा लागतो. कर दोघांनाही सारखाच आहे. लिटरमागे त्याचं ओझं मात्र लहान कारखान्यावर कितीतरी पट जास्त पडतं.

पुढे वेळेचा प्रश्न. बिअर बनवणं म्हणजे वाट पाहणं. हजार लिटरच्या घाण्याला साधारण 200 किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, लागतं. ते गरम पाण्यात भिजवून गोडवा काढायचा, हॉप्सची कडसर फुलं टाकून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालून टाकीत सोडायचं. एल प्रकारची बिअर दोन-तीन आठवड्यांत प्यायलायक होते, लागर असेल तर महिना-दीड महिना टाकी अडकते. तेवढे दिवस माल्टचे, वीजबिलाचे, पगाराचे पैसे टाकीतच असतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि टाकी मात्र 18-20 अंशांवर, लागरची तर त्याहून खाली, ठेवावी लागते. चिलर रात्रंदिवस चालतो. रिपोर्टमध्ये मी विजेचा वर्षाचा सरसकट आकडा टाकला होता, त्या मुलाने तो खोडून महिन्यांप्रमाणे लिहिला. मार्च ते जूनचा आकडा पाहून मी पुन्हा विचारलं, हे बरोबर आहे का? बरोबर होता.

आणि टाकीत जेवढं तयार होतं तेवढं सगळं पेल्यात येत नाही. तळाला गाळ बसतो, नळ्यांमध्ये राहतं, केग (बिअरचं पिंप) बदलताना फेस जातो. एखादा घाणा आंबट झाला तर सगळाच सोडून द्यावा लागतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ठिकठिकाणच्या मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर ओतून द्यावी लागली, कारण ती बाटलीबंद, पाश्चराइज केलेली नसते आणि टिकत नाही. सरकारने नंतर त्याच वर्षी घरी नेण्यासाठी ती भरून द्यायची मुभा दिली. पण तोवर अनेकांचं खेळतं भांडवल वाहून गेलेलं होतं.

उत्पादन शुल्क हे नावाप्रमाणेच उत्पादनावरचं शुल्क आहे. माल बाहेर पडण्याआधी ते भरायचं आणि ग्राहकाकडून पैसे नंतर मिळायचे, ही त्याची मूळ रचना. ज्याच्याकडे बँकेची मोठी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा उचलता येणारं कर्ज, आहे त्याला हे अवघड नाही. ज्याच्याकडे नाही, तो सरकारला बिनव्याजी उधार देत बसतो. त्यावर दरवर्षीचं परवाना शुल्क वेगळं. परमिट रूमच्या परवान्याचं शुल्क गावाच्या लोकसंख्येच्या टप्प्यावरून ठरतं. नागपूर 2011 च्या जनगणनेत 24 लाखांचं शहर होतं, त्यामुळे बसायला चाळीस खुर्च्या असोत की चारशे, शुल्काचा टप्पा मोठ्या शहराचाच. ते वर्षाच्या सुरुवातीला भरायचं. नवा धंदा पहिले सहा महिने रडतखडतच चालतो, पण परवान्याला त्याचं काही नसतं.

व्हॅटचं काय? महाराष्ट्रात परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 मध्ये 5 वरून 10 टक्के झाला. हा व्हॅट शुल्क, जीएसटीचं ओझं, भाडं, नफा सगळं धरून जी किंमत होते तिच्यावर लागतो. म्हणजे करावर कर. एकाच टेबलावर तर्री पोह्यांची प्लेट असेल तर तिच्यावर 5 टक्के जीएसटी, शेजारच्या पेल्यावर व्हॅट. दोन वह्या, दोन विवरणपत्रं, दोन खाती आणि तिसरं उत्पादन शुल्काचं रजिस्टर. नऊ-दहा माणसांच्या धंद्यात यासाठी एक माणूस पूर्ण वेळ ठेवावा लागतो; मोठ्या कारखान्याला उलाढालीच्या मानाने हा खर्च जाणवत नाही.

आता बँकेचं. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या बदलली: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल. या मापाने त्या मुलाचा प्रकल्प सूक्ष्म उद्योगातच बसतो. पण तरुणांना उद्योगासाठी अनुदान देणारी केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना उघडली की नकारात्मक यादीत मादक पदार्थ बनवणं आणि विकणं सरळ वगळलेलं सापडतं. विडी-सिगारेटच्या ओळीत. सरकारने दारूसाठी अनुदान देऊ नये, हे मला मान्य आहे. मी ते मागतही नाही. पण याची सावली साध्या कर्जावरही पडते. आम्ही एका बँकेत तीन वेळा गेलो. प्रस्ताव व्यवहार्य आहे असं तिथले अधिकारीच म्हणाले, पण वर पाठवताना 'मद्य' हा शब्द आला की फाइल अडते, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी मागणी आली ती कर्जाच्या दीडपट तारणाची. मुलाच्या वडिलांचा बेसा रोडवरचा प्लॉट, आईचं सोनं आणि त्याच्या मामाची हमी. तो मुलगा त्या दिवशी माझ्या ऑफिसातून निघाला तेव्हा काही बोलला नाही. गाडीपाशी जाऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिला होता, मी खिडकीतून पाहत होतो.

बँकेलाही मी पूर्ण दोष देत नाही, कारण या धंद्यातली जोखीम बाजाराची कमी आणि आदेशाची जास्त आहे. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली आणि परवाने एका झटक्यात निरुपयोगी झाले. मे 2021 मध्ये बंदी उठली. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी जागा आणि फर्निचरवर कर्ज काढलेलं होतं त्यांच्या हप्त्यांचं काय झालं असेल? गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, वर्ध्यात त्याआधीपासून. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली आणि 1 एप्रिल 2017 ला राज्यभर महामार्गांलगतचे बार बंद झाले. नागपूर तर दोन मोठ्या राष्ट्रीय महामार्गांच्या चौफुलीवर वसलेलं शहर; वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा रोड सोडून इथे धंदा करायचा कुठे? पुढे जुलै 2017 मध्ये न्यायालयाने शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत खुलासा केला आणि गाडी रुळावर आली. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. महामार्गावर दारूने होणारे अपघात खोटे नाहीत. पण अशा धक्क्यात साखळी हॉटेलं तग धरतात आणि एका टाकीवाला संपतो. जोखीम इतकी असेल तर निदान करांची रचना तरी त्याला श्वास घेऊ देणारी हवी.

इथे कोणी म्हणेल, एवढा त्रास आहे तर बरंच आहे, कमी दारू विकली जाईल. हा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून तो बाजूला सारून पुढे जाणार नाही. तो तपासायचा असेल तर बाटली मोजून चालत नाही. बाटलीतला मद्यार्क, म्हणजे शुद्ध अल्कोहोल, मोजावा लागतो, कारण यकृत बाटलीचं लेबल वाचत नाही.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरच्या शुल्कात मोठा बदल केला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं (इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) शुल्क उत्पादन मूल्याच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, देशी दारूचं प्रति प्रूफ लिटर (मद्यार्काच्या प्रमाणावर आधारलेलं शुल्काचं माप) 180 वरून 205 रुपये केलं, आणि 180 मिलीच्या क्वार्टरच्या किमान किमती ठरवल्या: देशी 80 रुपये, महाराष्ट्र मेड लिकर नावाचा नवा प्रकार 148, विदेशी मद्य 205, उंची विदेशी 360. राज्याला यातून 14 हजार कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित होतं. बिअर आणि वाईन या वाढीतून वगळली.

आता क्वार्टरमधला मद्यार्क काढू. तीव्रता 42.8 टक्के धरली तर 180 मिलीत 77 मिली शुद्ध मद्यार्क. देशी दारूत 80 रुपयांना 77 मिली, म्हणजे मिलीला साधारण 1 रुपया. विदेशी मद्यात 205 रुपयांना तेवढाच, म्हणजे मिलीला 2 रुपये 66 पैसे. त्या मुलाच्या ब्रुअरीतला अर्धा लिटरचा पेला, 5 टक्क्यांची बिअर, त्यात मद्यार्क 25 मिली. शुल्क, व्हॅट, बुडालेला जीएसटी, व्याज, भाडं धरून तो पेला 350 रुपयांच्या खाली विकणं परवडत नव्हतं. म्हणजे मिलीला 14 रुपये. देशीच्या तेरा-चौदापट.

हा फरक सगळा कराचा नाही. बारमधली खुर्ची, वाढपी, भाडं याचे पैसे त्यात आहेत, आणि ज्याला रोजची नशा हवी तो 350 रुपयांचा पेला घेऊन बसणारच नाही. तेच माझं म्हणणं आहे. ज्या पेयाने माणूस कमी बुडतो ते महाग ठेवण्यासाठी वेगळ्या दडपणाची गरज नाही. ते बनवण्याच्या स्वरूपामुळेच महाग राहतं. मामा 350 रुपयांच्या पेल्याने मेला नाही. त्याला मिलीला सगळ्यांत स्वस्त काय मिळतं एवढंच दिसत होतं. सार्वजनिक आरोग्याचा विचार करायचा असेल तर कर मद्यार्काच्या मिलीवर बसायला हवा आणि सौम्य पेयाकडे वळणाऱ्याला किमतीत ते जाणवायला हवं. राज्यालाही हे काही प्रमाणात कळलेलं आहे. बिअरमध्ये सौम्य आणि तीव्र असा भेद त्यामुळेच आहे, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बिअरवरचं जास्त शुल्क तपासायला सरकारने अभ्यासगटही नेमला होता. पण त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न विचारलाच गेला नाही: कारखाना किती मोठा आहे? वर्षाला 60 हजार लिटरवाला आणि 6 कोटी लिटरवाला, दोघांचं दरपत्रक एकच.

जगात इतरत्र हा प्रश्न फार आधी सुटला. युरोपीय संघाच्या 1992 च्या निर्देशाने सदस्य देशांना वर्षाला 2 लाख हेक्टोलिटरपर्यंत (1 हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर) बनवणाऱ्या ब्रुअरींसाठी शुल्क निम्म्यापर्यंत खाली आणायची मुभा दिली. ब्रिटनने 2002 मध्ये 5 हजार हेक्टोलिटरपर्यंतच्या लहान ब्रुअरींना शुल्कात निम्मी सूट दिली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ती बदलून 8.5 टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्काच्या सगळ्या पेयांच्या लहान उत्पादकांना लागू केली. तीव्रता आणि आकार, दोन्ही एकाच वेळी पाहणारी ही रचना मला सगळ्यांत शहाणी वाटते. अमेरिकेत लहान ब्रुअरला पहिल्या 60 हजार बॅरलवर (बॅरल म्हणजे साधारण 117 लिटर) बॅरलमागे साडेतीन डॉलर केंद्रीय शुल्क आहे, मोठ्यांना 16 डॉलर आणि त्यावर. 2020 च्या डिसेंबरात ते कायम केलं. यापैकी कोणत्याही देशाने दारूवरचा कर सोडून दिलेला नाही. फक्त लिटरमागचा खर्च ज्याला जास्त पडतो त्याच्याकडून लिटरमागे कमी घ्यायचं, एवढं साधं गणित त्यांनी मान्य केलं.

परदेशाचं कशाला, आपल्याच राज्यात पाहू. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली. पुढे वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेत 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची तरतूद झाली. त्याचा परिणाम नाशिकच्या परिसरात डोळ्यांना दिसतो: बागा, वाईनरी, पर्यटक, पोरांच्या नोकऱ्या. त्या धोरणाचं मला काही वाईट वाटत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याचं भलं झालं, झालंच पाहिजे. आणि गेल्या वर्षीचा महाराष्ट्र मेड लिकर हा प्रकार घ्या. धान्यापासूनचं मद्य, राज्यातल्याच उत्पादकांसाठी, त्यांची बंद पडत चाललेली युनिटं चालावीत म्हणून वेगळा कर आणि वेगळी किंमत. म्हणजे स्थानिक उत्पादकासाठी करात वेगळा कप्पा करणं राज्याला येतं, दोनदा करून झालं आहे. मग 42.8 टक्क्यांच्या क्वार्टरसाठी जो कप्पा होऊ शकतो तो 5 टक्क्यांच्या पेल्यासाठी का होत नाही?

विदर्भाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक टोचतो. आपल्याकडे द्राक्षं नाहीत. आपल्याकडे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीचा संत्रा आहे, मृग आणि आंबिया बहार आहे, आणि बाजारात भाव पडला की बांधावर टाकून द्यावा लागणारा लहान फळांचा ढीग आहे. नागपुरी संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. बेल्जियमच्या पांढऱ्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात, ही तिथली जुनी रीत. त्या मुलाला तेच आपल्या संत्र्याच्या सालीचं करायचं होतं. त्याने वहीत दोन-तीन वर्षांच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या होत्या. गोंदिया-भंडाऱ्याच्या तांदळाची कणी बिअरमध्ये माल्टच्या जोडीला वापरता येते. ज्वारीपासून आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या बिअर होते, आणि आपल्या ज्वारीचा पेरा घटत चालला आहे. ब्रुअरीतून निघणारा माल्टचा ओला चोथा गुरांना चालतो. कोणी समजू नये की एका ब्रुअरीने संत्र्याचा भाव सुधारेल; तिला लागेल ती साल टोपल्यांत मोजण्याएवढी. पण नाशिकची वाईनही अशीच लहान सुरू झाली होती, आणि तिच्यामागे धोरण उभं राहिलं म्हणून ती वाढली.

आक्षेप आणखी आहेत. सवलत दिली तर मोठी कंपनी दहा लहान नावांनी ती लाटेल, हा भीतीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. परदेशातल्या कायद्यांत ब्रुअरी स्वतंत्र मालकीची असावी, दुसऱ्या ब्रुअरीशी आर्थिक लागेबांधे नसावेत, अशी अट असते. आपल्याकडेही ती पहिल्या ओळीत हवी. पाण्याचा मुद्दाही खरा. एक लिटर बिअरला साधारण पाच-सहा लिटर पाणी लागतं, लहान ठिकाणी त्याहून जास्त, आणि 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करावी लागली होती. म्हणून सवलतीसोबत पाण्याचा हिशोब मागावा, टाक्या धुतलेलं पाणी पुन्हा वापरायची सक्ती करावी. हे छोट्या ब्रुअरीलाही जमतं.

सगळ्यांत मोठा आक्षेप बायकांचा आहे, आणि तो कागदावरचा नाही. गावोगाव दारूचं दुकान बंद करायच्या 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानासाठी ज्या बाया रांगेत उभ्या राहिल्या त्यांनी घरात जे भोगलं ते मी मामीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्या मतदानाचा हक्क कोणत्याही ब्रुअरीपेक्षा वरचा आहे आणि राहावा. छोट्या ब्रुअरीच्या सवलतीचा अर्थ गल्लोगल्ली बार असा मी काढू देणार नाही. ती शाळा-मंदिरांपासूनच्या अंतराचे नियम पाळूनच निघेल, वयाची अट आणि परवाना तिलाही तसाच लागेल. पण मामीला एकदा मी विचारलं होतं, वर्ध्यात बंदी असून मामाला दारू मिळायची कुठून? ती म्हणाली, "बंदी दुकानाची होती, भट्टीची कुठं होती?" हातभट्टीवर शुल्क नसतं, परवाना नसतो, रजिस्टर नसतं. ज्याचं नाव बोर्डावर आहे, ज्याच्या टाकीतला घाणा कोणत्याही दिवशी तपासता येतो, त्याला करांनी दाबून हातभट्टीचं काही बिघडत नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्हींसाठी राज्याला दिल्लीकडे पाहावं लागत नाही. वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत, समजा 2 लाख लिटरपर्यंत, बनवणाऱ्या स्वतंत्र ब्रुअरीच्या सौम्य बिअरला शुल्काचा निम्मा दर, आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने पूर्ण दर. एका रेषेवर सूट तोडली तर माणूस मुद्दाम लहान राहतो, म्हणून टप्पे हवेत. दुसरं, शुल्क टाकीवर न मोजता प्रत्यक्ष पेल्यात वाढून दिलेल्या लिटरवर मोजावं, नासाडीची स्पष्ट मर्यादा ठरवून, आणि भरणा महिनाअखेरीस घ्यावा. नळाला मीटर बसवणं आज अवघड नाही. त्याने चोरीही कमी होईल आणि त्या मुलाचं आठ-दहा लाखांचं खेळतं भांडवल मोकळं होईल. तिसरं, पहिली तीन वर्षं परवाना शुल्क तिमाही हप्त्यांत.

बुडालेल्या जीएसटीचा तोडगा अवघड आहे. मद्य जीएसटीत आणायला घटनादुरुस्ती लागेल आणि राज्यं ती होऊ देणार नाहीत. पण वाईनला व्हॅटचा परतावा ज्या मार्गाने दिला त्याच मार्गाने, यंत्रांवर भरलेल्या जीएसटीएवढा व्हॅट पाच वर्षांत परत करता येईल. माझ्या गणितात त्याने लिटरमागच्या त्या 8 रुपयांपैकी 6 रुपये पुसले जातात.

याने राज्याचं किती नुकसान होईल? 2 लाख लिटरची मर्यादा असलेल्या मूठभर ब्रुअरींच्या निम्म्या शुल्काने 14 हजार कोटींच्या अपेक्षेला ओरखडाही उठणार नाही. उलट जे धंदे आज सुरूच होत नाहीत त्यांच्याकडून शून्य मिळतं. सुरू झाले तर निम्मं शुल्क, व्हॅट, पगार, भाडं असं सगळं मिळेल.

हे दर ठरवायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली शुल्काचे दर सरकार अधिसूचनेने ठरवतं. गेल्या वर्षीची वाढही तशीच झाली. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन इथेच भरतं. विधानभवनापासून माझं ऑफिस काही फार लांब नाही. त्या मुलाचा रिपोर्ट मी दोन्ही दरांनी काढून ठेवला आहे. आजच्या दरांनी कर्ज नवव्या वर्षी फिटतं, निम्म्या शुल्काने आणि जीएसटीच्या परताव्याने पाचव्या वर्षी. विदर्भातल्या कोणत्याही आमदाराने मागितला तर त्याच्या टेबलावर नेऊन ठेवीन. मुलगा सध्या पुन्हा पुण्यात आहे, दुसऱ्याच्या टाक्या सांभाळतो. संत्र्याची वही त्याने माझ्याकडेच ठेवायला दिली आहे.